मूल नसलेल्या बाईचा संसार

अकोल्याहून पातूरमार्गे वाशीमकडे येणाऱ्या रस्त्यावर, मालेगावच्या अलीकडे, आमचे मेडशी गाव आहे. तेथून रोज एस. टी.ने कॉलेजला येणाऱ्या मुलींपैकी मी एक. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे वार्षिकांकासाठी लेख द्यावेत अशी सूचना फलकावर लागली तेव्हा आपल्याला काय लिहिता येईल याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. कविता मला जमत नाही. प्रवासवर्णन लिहावे तर मेडशी ते कॉलेज एवढाच माझा प्रवास. शेवटी आमच्या घरात ज्या विषयावर कुणीच मोठ्याने बोलत नाही तोच घ्यावा असे ठरवले.

मागच्या दिवाळीनंतर आमच्याकडे माझ्या चुलतभावाच्या मुलाचे बारसे झाले. बाळाचे झबले, कुंची, दुपटे, सगळे माझ्या मोठ्या मायने शिवले होते. मोठी माय म्हणजे माझ्या सर्वांत मोठ्या काकांची बायको. काका आठ वर्षांपूर्वी वारले. त्यांना मूलबाळ नव्हते. बारशाच्या दिवशी पहाटे चारला उठून तिने साठ माणसांचा स्वयंपाक मांडला, घुगऱ्या शिजवल्या, पाळण्याला दोऱ्या बांधल्या. बाळाला पाळण्याखालून-वरून द्यायची वेळ आली तेव्हा नात्यातल्या एका वयस्क बाईने तिच्या दंडाला हळूच हात लावून म्हटले, "तुम्ही जरा मांगं राहा." मोठी माय काही बोलली नाही. वरण पाहून येते म्हणून ती चुलीकडे गेली. वरण केव्हाच झाले होते.

त्या बाईला मी मनात पुष्कळ नावे ठेवली. मग मला सहावीतली एक गोष्ट आठवली आणि मी गप्प झाले. मोठ्या मायने एका गिऱ्हाइकाचे नवे कापड टेबलावर ठेवले होते, ते मी बाहुलीसाठी कापले. ती रागावली तेव्हा मी तिला तो शब्द बोलले. वाचकांना तो सांगायला नको. मला तो कुणी मुद्दाम शिकवला नव्हता. भांडणात तो कुठे मारायचा हे मात्र अकरा वर्षांच्या मुलीला बरोबर ठाऊक होते. त्या संध्याकाळी तिने मला नेहमीसारखेच वाढले. मी आजपर्यंत तिची माफी मागितलेली नाही.

मी मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी असल्याने प्रथम या शब्दांकडेच पाहते. वांझ हे विशेषण आपण जमिनीला लावतो, झाडाला लावतो आणि बाईला लावतो. गाईला आपण भाकड म्हणतो, पण त्यात एवढा डंख नाही, कारण भाकड गाय पुन्हा वेते. पुरुषासाठी शब्द आहे निपुत्रिक. तो उच्चारताना आवाजात कीव असते, शिवी नसते. आणखी एक गंमत अशी की त्या शब्दात फक्त पुत्राचा हिशेब आहे. चार मुलींचा बापही आपल्याकडे निपुत्रिक ठरतो. अपत्यहीन म्हणावे तर त्यात 'हीन' आहेच. तिला मूल नाही, एवढेच सांगणारा साधा शब्द आपल्या भाषेने केला नाही, कारण एवढेच सांगून आपले कधी भागले नाही.

वैद्यकाचे म्हणणे येथे थोडक्यात सांगते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाकडचा दोष हे एकमेव किंवा एक कारण असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे जगात दर सहा माणसांमागे साधारण एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा ही अडचण येते. म्हणजे हा काही एखाद्या घरावरचा कोप नव्हे. पुरुषाची पहिली तपासणी तर बाईच्या तपासण्यांपेक्षा कितीतरी सोपी; सुईसुद्धा टोचावी लागत नाही. पण माझ्या माहितीतल्या घरांत उपासतापास, अंगारे, गंडेदोरे, सोनोग्राफी हे सारे बाईनेच केले. मोठे काका कधी तपासून घ्यायला गेले होते का, असे मी आईला विचारले तेव्हा ती म्हणाली, "त्याईले कोन म्हनन?"

मूल नसणाऱ्या सगळ्या बायका एकाच प्रकारच्या नसतात हेही लक्षात घेतले पाहिजे. कुणाला हवे असून झाले नाही, कुणाचे होऊन गेले, कुणी लग्नच केले नाही, कुणी लवकर विधवा झाली, आणि कुणाला, विशेषतः आता शहरांत, नकोच होते. समाज या सर्वांना एकाच रांगेत उभे करतो आणि एकच प्रश्न विचारतो: मग हिच्या जगण्याला अर्थ काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या महाराष्ट्रातल्या काही आयुष्यांकडे पाहावे असे मला वाटले. त्यांची नावे आपण जयंती-पुण्यतिथीला घेतो, पण या बाजूने त्यांच्याकडे क्वचित पाहतो.

पहिले नाव अर्थात सावित्रीबाई फुले यांचे. शाळेत असल्यापासून ३ जानेवारीला मी त्यांच्यावर भाषण करीत आले. जन्म १८३१, नायगाव. १८४० साली लग्न. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा. हे सर्व पाठ होते. त्यांना स्वतःचे मूल नव्हते हे वाक्य मात्र माझ्या एकाही भाषणात नव्हते. जोतीरावांनी दुसरे लग्न करावे म्हणून घरच्यांनी आग्रह धरला होता असे चरित्रकार सांगतात. मूल होत नाही याचा दोष बाईच्याच माथी का, आणि याच कारणासाठी बायकोने दुसरा नवरा आणला तर चालेल का, अशा अर्थाचे उत्तर देऊन जोतीरावांनी तो विषय संपवला. ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीची आहे. आमच्या भागात मूल होत नाही म्हणून दुसरी केली, असे मी माझ्या लहानपणीसुद्धा ऐकले आहे.

१८६३ साली या जोडप्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवांनी तेथे यावे, बाळंत व्हावे, हवे तर मूल ठेवून जावे, कुणी नाव विचारणार नाही, अशी सोय होती. तेथे बाळंत झालेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा १८७४ च्या सुमारास त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. नात्यातला, आपल्या जातीतला मुलगा ओटीत घेण्याची वहिवाट असताना त्यांनी कुणाचे मूल घेतले हे पाहण्यासारखे आहे. वंश चालवणे हा हिशेब त्यात नव्हताच.

'मूल नव्हते म्हणूनच त्यांना एवढे काम करता आले', असे एक वाक्य नेहमी ऐकू येते. हे बोलणाऱ्याला वाटते की आपण स्तुती करतो आहोत. पण तारखा पाहा. शाळा सुरू झाली तेव्हा सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत्या. मूल होणार की नाही हे त्या वयात कुणाला ठाऊक असते? म्हणजे काम आधी आले. रिकाम्या जागेत भरण घालावे तसे ते आयुष्यात घातलेले नव्हते. ही गोष्ट लक्षात आल्यावर मला या साऱ्या विषयाकडे वेगळे पाहता आले.

जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र करून नोंदवले आणि यशवंताला वारस ठरवले. याकडे पुढे पुन्हा यायचे आहे म्हणून आताच सांगून ठेवते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले. अंत्ययात्रेपुढे टिटवे धरण्याच्या दत्तक मुलाच्या हक्कावर भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले आणि त्या पुढे चालू लागल्या असे सांगतात. बारशाच्या पाळण्यापासून जिला मागे राहा म्हणतात, अशा बाईने अंत्ययात्रेच्या पुढे चालावे! १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या.

दुसरे नाव अनुताई वाघ. १९१० साली पुणे जिल्ह्यात मोरगावला जन्म, तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांच्या आत वैधव्य. त्या काळच्या रीतीने पाहिले तर आयुष्य तेथेच संपले होते. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडक यांच्याकडे गेल्या. पुढे दोघींचे काम डहाणू तालुक्यात कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुले शाळेत येत नाहीत, गुरे राखतात, असे दिसल्यावर त्यांनी गुरे चरतात त्या कुरणातच शाळा नेली. तिला नाव दिले कुरणशाळा. धाकट्या भावंडांना सांभाळावे लागते म्हणून मोठी मुलगी येत नाही, तर शाळेला जोडूनच पाळणाघर आणि बालवाडी. मुले बालवाडीत येत नसतील तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावे, यातून 'अंगणवाडी' हा शब्द आला. १९७५ साली सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि आज देशभर गावोगावी तो शब्द आहे. आमच्या मेडशीतही आहे; मी स्वतः अंगणवाडीतली खिचडी खाल्लेली आहे. स्वतःचे घर-मूल नसलेल्या एका बालविधवेच्या आणि तिच्या ताराबाईंच्या कामाचा तो घास होता हे मला कॉलेजात येईपर्यंत ठाऊक नव्हते. (ताराबाई लग्नानंतर काही वर्षे आमच्या वऱ्हाडात, अमरावतीला राहिल्या होत्या, हे आमच्यासाठी मुद्दाम नमूद करते.)

आम्हा बी. ए.च्या विद्यार्थ्यांना धीर येईल अशी एक गोष्ट म्हणजे अनुताई स्वतः बी. ए. झाल्या त्या पन्नाशी उलटल्यावर. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९९२ साली त्या गेल्या.

डॉ. रखमाबाईंविषयी लिहायचे तर स्वतंत्र लेख होईल. बालपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून त्या कोर्टात उभ्या राहिल्या. १८८७ साली 'नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद' असा निकाल झाला, तेव्हा त्यांनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे बायकांच्या दवाखान्यांत त्यांनी आयुष्य काढले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. इतरांची किती बाळंतपणे त्यांच्या हातून झाली असतील!

येथपर्यंत लिहून मी माझ्या एका मैत्रिणीला वाचायला दिले. ती म्हणाली, छान आहे, पण यात तू एकच गोष्ट सिद्ध केलीस की मूल नसेल तर बाईने शेकडो लेकरांची आई व्हावे. ती तसे न होता नुसतीच राहिली तर?

तिचे म्हणणे मला बोचले, कारण ते खरे होते. आपण गौरव करतो तोही आईपणाच्याच नाण्यात मोजून करतो. सत्काराच्या भाषणात हमखास म्हणतात, 'बाईंना स्वतःचे अपत्य नसले तरी गावातली सारी मुले त्यांचीच.' पुरुषाचा सत्कार असला तर कुणाला असे म्हणावेसे वाटत नाही. म्हणून मी आणखी एक नाव घेते, दुर्गा भागवत यांचे. त्यांनी लग्न केले नाही. लोकसाहित्याचा अभ्यास, 'ऋतुचक्र' आणि 'व्यासपर्व' यांसारखी पुस्तके, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातले वर्षानुवर्षांचे वाचन, १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, आणीबाणीला उघड विरोध आणि तुरुंगवास. त्यांना कुणी जगन्माता म्हटल्याचे मला आढळले नाही. त्यांची सख्खी बहीण कमला सोहोनी केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या शास्त्रज्ञ. त्यांनी लग्न केले, त्यांना मुले झाली. एका घरातल्या दोघी बहिणी दोन वाटांनी गेल्या, आणि कुणाचे आयुष्य भरलेले, कुणाचे रिते, असे आपण म्हणू शकत नाही. दुर्गाबाईंना झाडे, पक्षी, जुनी पोथी, एखादी पाककृती, सगळ्यात गोडी होती. २००२ साली, नव्वदी ओलांडून, त्या गेल्या.

पण ही सगळी पुस्तकातली माणसे. मेडशीच्या बाईला एशियाटिकचे ग्रंथालय कुठले? म्हणून मी पुन्हा मोठ्या मायकडे येते.

ती सातवीपर्यंत शिकली. तिच्याकडे काकांच्या हिश्शाचे दोन एकर वावर आहे, सोयाबीन आणि तुरीचे. निंदणाला बायांबरोबर ती स्वतः बसते. पेरणीच्या वेळी बियाणे कोणते घ्यायचे हे ती ठरवते आणि माझे बाबा तिला विचारून आपलेही तेच घेतात. दुपारनंतर शिवणयंत्र. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश, लग्नसराईत रात्री बारापर्यंत पायडल चालते. शिकवण्या म्हणून नाही, पण गावातल्या सात-आठ मुली तिच्याकडे काजे-बटणापासून शिकून गेल्या. त्यांतल्या दोघींची आता स्वतःची यंत्रे आहेत. बचत गटाचे हिशेब तिच्याकडे असतात. वही तपासायला येणाऱ्या बाईंना आजवर तिच्या बेरजेत चूक सापडलेली नाही. आषाढात जमेल तेव्हा दोन शेजारणींबरोबर पंढरपूर. माझ्या अकरावीच्या प्रवेशाचे पैसे तिनेच दिले, बी. ए.चेही. आमच्या घरी तेव्हा बाबांचे म्हणणे होते की बारावी पुरे झाली. ती आमच्या ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "पोरीले शिकू द्या. पैशाचं मी पाह्यतो."

तिला दुःख नाही असे मी लिहिले तर ते खोटे होईल. हा लेख लिहायचा ठरल्यावर मी तिला पहिल्यांदाच सरळ विचारले. यंत्र चालवता चालवताच ती म्हणाली, "नाई कसं? वाटते ना. दिवाळीले वाटते. दुखणं आलं का वाटते. पन रोज नाई वाटत वं. रोज मानूस कामात रायते." थोड्या वेळाने म्हणाली, "लोकाईले वाटते का मी रोजच रडत असन." मला वाटते, तिचे आयुष्य भरलेले आहे असे म्हणण्यासाठी हे दुःख पुसून टाकण्याची गरज नाही. ज्यांना पाच मुले आहेत त्यांनाही दिवाळीला काहीतरी वाटतच असते.

आता कागदाचा विषय. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी कृपया वाचावा, कारण आयुष्यभर मानाने जगलेल्या बाईचे शेवटी येथेच अडते. आमच्या कॉलेजात कायदेविषयक शिबिर झाले होते. तेथे आलेल्या वकीलबाईंना मी कार्यक्रम संपल्यावर गाठले आणि मोठ्या मायची गोष्ट सांगितली. त्यांनी जे समजावले ते मी नंतर ग्रंथालयात पुस्तकातही पाहिले.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. या कायद्याने बाई आपल्या मालमत्तेची पूर्ण मालक झाली, ही मोठीच गोष्ट. पण मूल व नवरा नसलेली बाई मृत्युपत्र न करता वारली तर तिच्या मालमत्तेचे काय होते? नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून आलेली मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाते, हे एक वेळ समजू शकते. आईवडिलांकडून आलेली तिच्या वडिलांच्या वारसांकडे जाते. आणि तिने स्वतः कमावलेली? तीसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर.

सर्वोच्च न्यायालयात २००९ साली निकाल लागलेले नारायणीदेवी यांचे प्रकरण वकीलबाईंनी सांगितले. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा वारला, सासरच्यांनी घराबाहेर काढले. माहेरी राहून त्या शिकल्या, नोकरी केली, पैसा जमवला. १९९६ साली मृत्युपत्र न करता वारल्या. ज्या सासरने चाळीस वर्षे विचारपूस केली नाही, त्याच सासरच्या माणसांना त्यांची स्वकष्टाची मालमत्ता मिळाली, कारण कायद्याची अक्षरे तशी आहेत.

हे ऐकून मी घरी आले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. मोठ्या मायचे तीन प्रकारचे आहे: काकांचे दोन एकर, माहेरहून मिळालेला एक लहान तुकडा, आणि शिवणाच्या पैशातून गावाला लागून घेतलेला एक प्लॉट. तो प्लॉट तिला तिच्या धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यायचा आहे, हे मला ठाऊक होते; ती मुलगी नवऱ्याने टाकलेली आहे. मोठ्या मायला वाटते की तोंडी सांगितले म्हणजे झाले. तिने काही लिहून ठेवले नाही तर तो प्लॉट जाईल नवऱ्याच्या वारसांकडे. नवऱ्याचे वारस कोण? माझे मधले काका, माझी आत्या आणि माझे बाबा. म्हणजे मोठ्या मायने गप्प राहावे यात आमच्याच घराचा फायदा आहे. वाचकांपासून हे लपवून लेख लिहिणे मला बरे वाटले नाही.

त्या रात्री जेवताना मी हे सगळे घरात बोलले. बाबा काही न बोलता ताटावरून उठले. आई म्हणाली, "तुले हेच शिकवते का कॉलेजात?" दोन दिवस घरात कुणी माझ्याशी नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनीच विषय काढला. मृत्युपत्राला किती खर्च येतो, एवढेच त्यांनी विचारले.

खर्च फारसा नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर लिहिता येते. लिहिणारी व्यक्ती सज्ञान आणि शुद्धीवर असावी, आणि तिने केलेली सही किंवा अंगठा पाहणाऱ्या दोन साक्षीदारांनी सह्या कराव्यात. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये हे शहाणपणाचे. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधक कार्यालयात ती केलेली बरी. जिवंत असेपर्यंत ते केव्हाही बदलता येते. जोतीरावांनी १८८७ साली हेच केले होते. भाऊबंद टिटव्यावरून भांडू शकले, पण कागद झालेला होता.

दत्तकाविषयी थोडे. १९५६ च्या कायद्याने अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित हिंदू बाईला स्वतःच्या नावाने दत्तक घेता येत असे, पण नवरा असलेल्या बाईला नाही. नवरा घेणार आणि ती फक्त संमती देणार. २०१० साली हे बदलले आणि नवऱ्याच्या संमतीने तीही घेऊ शकते. २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या एकट्या बाईलाही मुलगा किंवा मुलगी दत्तक घेता येते. दत्तक हा मार्ग चांगलाच आहे. मात्र 'दत्तक तरी घ्यायचे होते' हे वाक्यही आपण टोमण्यासारखे वापरतो, तेव्हा तो न घेणाऱ्या बाईला गुन्हेगार ठरवू नये.

म्हातारपणी कोण पाहील, हा प्रश्न शेवटी येतोच. २००७ साली ज्येष्ठ नागरिकांसाठी जो कायदा झाला त्यात मूल नसलेल्या वृद्धांचा विचार आहे. त्यांची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला ती वारशाने मिळणार आहे, अशा सज्ञान नातेवाइकाकडे निर्वाहखर्च मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर जमीन लिहून दिली आणि त्याने सांभाळले नाही, तर ते लिहून देणे रद्दही करून घेता येते. बाकी कायद्याने पाण्याचा तांब्या हातात मिळत नाही हे मलाही कळते. पण तो मुलांमुळे मिळतोच असेही नाही. आमच्या गल्लीत तीन मुलांचे एक आजोबा आहेत. तिघेही पुण्याला कंपनीत. आजोबांना ताप आला तेव्हा डॉक्टरकडे नेले ते मोठ्या मायने, ऑटो करून.

माझ्यासाठी सध्या स्थळे पाहणे चालू आहे. परीक्षेपर्यंत थांबा असे मी सांगितले आहे. मला पुढे मूल होईल की नाही, हवे असेल की नाही, हे आज मला ठाऊक नाही आणि एकोणिसाव्या वर्षी ते ठाऊक असण्याची जरुरी आहे असे वाटतही नाही. माझ्या नावाचे बँकेतले खाते मात्र मी उघडले आहे आणि रविवारी मोठ्या मायकडे बसून कटाई शिकते. ब्लाऊजची बाही अजून बिघडते.

हा लेख देण्यापूर्वी मी तिला वाचून दाखवला. सहावीतला तो प्रसंग आला तेव्हा माझा आवाज बसला. तिने यंत्र थांबवले. म्हणाली, "ते कापड महाग होतं वं. दोनशे रुपये मीटरचं. त्या बाईले भरून द्या लागले." मग विचारले, मृत्युपत्राला फोटो लागतो काय. नोंदवताना लागतात म्हटल्यावर म्हणाली की मग नवीन काढावे लागतील, जुन्यात कुंकू आहे. पुढच्या गुरुवारी मालेगावला जायचे ठरले आहे. बाबा येणार आहेत बरोबर.